तीन वह्या शेजारी ठेवून पाहा

प्रति,
महासंचालक,
हायड्रोकार्बन महासंचालनालय, नोएडा

महोदय,

मी निफाड तालुक्यातल्या सायखेड्याचा. गाव गोदावरीच्या अगदी काठावर. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आमच्याकडे दुकानदार आधी माल माळ्यावर टाकतात, मग बातम्या लावतात. माझी नोकरी मात्र याच नदीच्या दुसऱ्या टोकाला गेली. नव्वदच्या दशकात कोनसीमेत गॅसच्या शोधासाठी सेस्मिक सर्व्हे करणाऱ्या एका ठेकेदार पार्टीत मी आधी सर्व्हेचा हेल्पर होतो, पुढे ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक शॉटची नोंद ठेवणारा, झालो. आता पंचवटीत राहतो. सकाळी रामकुंडापर्यंत चालत जातो, येताना दूध आणतो, एवढाच उद्योग.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. गोदावरीच्या मुखाशी गाळाच्या प्रदेशात जिथे जिथे शॉट होल, म्हणजे सर्व्हेसाठी स्फोटाची दारू भरायची भोकं, घेतले गेले, तिथल्या तीन वह्या तुम्ही शेजारी शेजारी ठेवून तपासाव्यात: ड्रिलरची, ऑब्झर्व्हरची आणि दारूच्या मॅगझिनची, म्हणजे स्फोटकांच्या कोठाराची. त्या जुळवून जी यादी निघेल ती त्या त्या ग्रामपंचायतीला तेलुगूत द्यावी. भोक कुठे घेतलं, किती खोल, कोणत्या तारखेला, दारू किती भरली, उडाली का, आणि भोक बुजवलं का. बस्स.

आंध्रातल्या भोकांची चिंता नाशिकच्या म्हाताऱ्याने का करावी, असं तुमच्या मनात येईल. त्याचं उत्तर एका नारळाच्या बागेत आहे.

कोनसीमा म्हणजे धवलेश्वरमच्या बंधाऱ्याखाली गोदावरी फुटते तिथून गौतमी आणि वसिष्ठा या दोन फाट्यांच्या मधला मुलूख. नारळ, भात, केळी, कालवे, समुद्राकडे गेलं की कोळंबीची तळी. कुठेही पाय ठेवायचा तर कोणाच्या तरी मालकीच्या जमिनीवरच ठेवावा लागतो. त्यासाठी पार्टीत एक परमिट मॅन असतो. तो पुढे जाऊन घरमालकाशी बोलणार, झाडांची मोजदाद करणार, नुकसानीचा आकडा ठरवणार, मग आम्ही मागून केबल घेऊन शिरणार. माझ्या पहिल्याच हंगामात एका बागेचा म्हातारा काही केल्या ऐकेना. बोलता बोलता त्याने मला विचारलं, ‘मीदि ए ऊरंडी?’ तुमचं गाव कुठलं? मी नाशिक म्हटलं. त्याला काही बोध झाला नाही. परमिट मॅन चटकन म्हणाला, गोदावरी जिथे जन्मते ते गाव. म्हातारा उठला, आत गेला आणि त्र्यंबकेश्वरहून कोणीतरी आणलेला तांब्याचा गडू घेऊन बाहेर आला. त्यात कुशावर्ताचं पाणी होतं म्हणे, कधीचं कोण जाणे. त्यानंतर शहाळी आली. फाटक उघडलं.

परमिट मॅनला किल्ली सापडली होती. पुढची कित्येक वर्षं जिथे अडलं तिथे तो मला पुढे करायचा. काम ऑब्झर्व्हरचं, पण अर्धा दिवस ‘गोदावरीच्या माहेरचा माणूस’ म्हणून कोणाच्या तरी ओसरीवर बसलेला असायचो. नाशिकच्या नावावर किती बागा उघडल्या याचा हिशोब माझ्याकडे नाही. म्हणून ही उठाठेव.

हे पत्र खुलं आहे आणि वाचणारे बरेचसे नाशिककर असतील, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेल्या चार गोष्टी त्यांच्यासाठी सांगतो. सेस्मिक सर्व्हे म्हणजे जमिनीला ठोका देऊन प्रतिध्वनी ऐकणं. जमिनीत भोक पाडायचं, तळाशी दोन-चार किलो दारू ठेवून उडवायची आणि किलोमीटरभर पसरलेल्या जिओफोनवर खालच्या थरांवरून परतलेला कंप टिपायचा. प्रतिध्वनीला जाऊन यायला २ सेकंद लागले आणि मधल्या थरांतून आवाज सरासरी सेकंदाला अडीच किलोमीटर धावत असेल, तर तो थर अडीच किलोमीटर खोल. गणित शाळेतलं आहे. अडचण ‘सरासरी’ या शब्दात आहे.

आपल्याकडे बोअर मारताना मुरूम संपला की काळा पाषाण लागतो आणि मशीन पांढरी धूळ उडवत राहतं. त्या पाषाणातून आवाज सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास वेगाने जातो. कोनसीमेतल्या ओल्या चिखलात तो पाण्याइतकाच, म्हणजे दीड किलोमीटरच्या आगेमागे, आणि चिखलात कुजलेल्या पाल्याचा वायू अडकला असेल तर त्याहूनही हळू. नदीने शेकडो वेळा पात्र बदललेलं. वरून सगळं सारखं हिरवंगार, पण खाली इथे वाळूची जुनी दांडी, पन्नास पावलांवर बुजलेल्या नाल्याचा काळा गाळ. दोन शेजारच्या भोकांतली दारू एकाच खोलीवर उडवली तरी वरच्या थरातून यायला एकीला जास्त वेळ लागतो. तो फरक काढून टाकला नाही, तर खाली नसलेला उंचवटा कागदावर दिसतो आणि त्यावर कोणीतरी कोट्यवधींची विहीर खणून बसतं. त्यासाठी अधूनमधून अपहोल घ्यायचा: एकाच भोकात वेगवेगळ्या खोलीवर छोटे बार उडवून वरचा थर किती जाड आणि किती मंद ते मोजायचं. माझ्या मते डेल्टातल्या सर्व्हेचं निम्मं यश या कंटाळवाण्या कामात असतं, आणि घाई झाली की सगळ्यात आधी तेच कापलं जातं.

बाकीचे त्रास ऐकायला मजेशीर, करायला नाही. वारा सुटला की नारळ डोलतो, त्याची मुळं जमीन हलवतात आणि जिओफोनला ते इमानदारीत ऐकू येतं. कोळंबीच्या तळ्यात हवा घालणारी यंत्रं रात्रभर पाणी घुसळतात. ती बंद करा म्हटलं तर मालक हात जोडतो, कारण तासाभरात कोळंबी मरायला लागते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला चिखलात रोवलेला जिओफोन भरतीला पाण्याखाली जातो, म्हणून तिथे हायड्रोफोन टाकावे लागतात. जिओफोन जमिनीची हालचाल मोजतो, हायड्रोफोन पाण्याचा दाब. दोघांनी एकच गोष्ट ऐकली तरी ते सांगतात वेगवेगळ्या भाषेत. जिथे चिखल संपून पाणी सुरू होतं त्या पट्ट्यात त्यांची जुळणी करताना आमचे प्रोसेसिंगवाले रडकुंडीला यायचे. पाण्यात हवेचे बार सोडणारी एअरगनची होडी आणावी तर पाणी गुडघाभर. जमीन थरथरवणारं ट्रकवरचं व्हायब्रेटर आणावं तर ट्रक आसापर्यंत रुतणार. शेवटी राहतो तो शॉट होलच.

आणि भोक पाडायचं कसं? तिकाटणं उभं करायचं, पाइप हाताने फिरवायचा, पंपाने बेंटोनाइटचा, म्हणजे फुगणाऱ्या चिकणमातीचा, घोळ आत सोडायचा. नाशिकच्या पाषाणात या हाताच्या पाइपने दिवसभरात जेवढं खाली जाता येत नाही तेवढं तिथे दोन तासांत जाता येतं. पण पाइप वर काढला की भोक मिटायला लागतं. दारू पटकन उतरवावी लागते. उतरवताना कधी भिंत ढासळते आणि डिटोनेटरची वायर आत तुटते.

मिसफायर तिथून सुरू होतो.

त्याआधी एक आडवळण घेतो, कारण ते मला फार आवडतं. आम्हा नाशिककरांचा समज असा की आपल्या पुराचं पाणी थेट राजमहेंद्रीला जातं. तसं नाही. आपलं पाणी पैठणला जायकवाडीत थांबतं. खाली पोचणारा मोठा लोंढा प्राणहिता, इंद्रावती आणि शबरीचा. पण आपला दगड मात्र तिथे पोचला आहे. राजमहेंद्रीजवळ काटेरू आणि पंगिडीच्या खाणींत जो काळा बसाल्ट दिसतो, तो आपल्या दख्खनच्या लाव्ह्याच्या वयाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पश्चिमेकडून जुन्या दऱ्यांतून हजारभर किलोमीटर वाहत आलेले लाव्ह्याचे प्रवाह ते हेच, असं भूवैज्ञानिक मानतात. कोनसीमेच्या गाळाखालीही तो थर आहे. तेलवाले त्याला राजोल फॉर्मेशन म्हणतात. आमचा आवाज त्या बसाल्टवर आपटला की बरीच ऊर्जा परत फिरायची आणि खालचं चित्र धूसर व्हायचं. कॅम्पवर मला चिडवायचे, ‘बघ, तुझे गाववाले रस्ता अडवून बसलेत.’

आता मुद्द्याचं.

तिथला हंगाम नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत. त्यातही उन्हाळी भात निघाल्यावर कालवे बंद होतात, तेव्हा दोन महिने शेतात शिरायला सोपं. सगळी घाई तेव्हाच. २० किलोमीटरच्या एका रेषेवर ५० मीटरला एक भोक धरलं तरी ४०० भोकं होतात, आणि रेषा काही एक नसते. आमच्या पार्टीत हिशोब उडालेल्या शॉटचा व्हायचा. भोक पाडण्याचे पैसे, शॉटचे पैसे. बुजवण्याचे वेगळे पैसे नव्हते, ते ‘कामात धरलेलं’ होतं. कामात धरलेल्या गोष्टीचं काय होतं हे घर बांधलेल्या कोणालाही विचारा.

उडालेलं भोक बहुतेकदा आपोआप ढासळून मिटतं हे खरं. पण वरचा चार-सहा मीटरचा भाग तसाच पोकळ राहिला, तर त्या भागात त्याचा अर्थ वेगळा होतो. समुद्राजवळच्या गाळात गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं पाणी खाली असतं. दोघांच्या मधली चिकणमाती म्हणजे तिथल्या शेतकऱ्याची ठेव. तिला नीट न बुजवलेलं भोक पडणं म्हणजे रांजणाला तडा जाणं. वापरात नसलेली बोअरवेल तळापासून वरपर्यंत भरून काढा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये लहान मुलं पडतात म्हणून सांगितलं. शॉट होल चार बोटं रुंद, त्यात मूल पडणार नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही.

आणि न उडालेलं भोक? एका हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात गौतमीच्या काठच्या एका लंकेवर, म्हणजे नदीतल्या बेटवजा गावात, आमची तीन भोकं उडाली नाहीत. दोनांत वायर तुटलेली, तिसऱ्यात सर्किट लागत होतं पण बार झाला नाही. रीतीप्रमाणे थांबायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, तरीही नाहीच झालं तर शेजारी दुसरं भोक घेऊन निकामी करायचं आणि सगळं लिहून ठेवायचं. आभाळ भरून आलं होतं, होड्या परत बोलावल्या होत्या, मजुरांना गावी जायचं होतं. मी माझ्या रिपोर्टमध्ये तीन वेळा ‘मिसफायर’ लिहिलं. आठवड्याने कॅम्पवर रिपोर्टची स्वच्छ प्रत तयार झाली, त्यात त्या तीन जागी ‘स्किप’ होतं.

तुम्हाला फरक सांगायला नको, वाचकांना सांगतो. स्किप म्हणजे त्या जागी भोक घेतलंच नाही. वाटेत घर आलं, देऊळ आलं, पुढे गेलो. मिसफायर म्हणजे भोक आहे आणि दारू आत आहे. एका शब्दाने तीन भोकं पृथ्वीवरून नाहीशी झाली. दारूच्या रजिस्टरवर त्या कांड्या ‘वापरल्या’ म्हणून गेल्या, कारण स्फोटकांचा हिशोब कांडीकांडीने द्यावा लागतो. तेव्हाचा स्फोटक विभाग, आजचं ‘पेसो’, त्याचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे आणि तिथल्या तपासणीची सगळ्यांना धास्ती असायची. स्वच्छ प्रतीवर सही माझी आहे. हंगामाचा शेवटचा पगार सहीनंतर मिळायचा. मी केली.

जुलैत पूर आला. पुढच्या हंगामात आम्ही गेलो तेव्हा भोकांच्या जागी रोवलेल्या खुंट्या नव्हत्या, लंकेचा एक कोपराही नव्हता.

उगाच कोणाला घाबरवायचं नाही. वीस मीटर खोल चिखलातली दारू आपणहून वर येत नाही. पण लंका ही काही पर्वताची शिळा नव्हे. नदी काठ खाते, लोक ट्यूबवेल मारतात, टॉवरचे पाये खणतात. खणणाऱ्याला खाली काय आहे हे माहीत असण्याचा हक्क आहे.

त्या भागातल्या माणसांनी गॅसची दुसरी बाजूही पाहिली आहे. ८ जानेवारी १९९५ रोजी पासर्लपुडीची विहीर पेटली, ती ६५ दिवस जळत होती. तो ड्रिलिंगचा अपघात, सेस्मिकचा त्याच्याशी संबंध नाही. पण त्यानंतर आम्ही ओसरीवर बसलो की पहिला प्रश्न तोच यायचा. आम्ही विहीरवाले नाही, फक्त ऐकणारे आहोत, असं मी सांगायचो. एका बाईने विचारलं, ‘ऐकून झाल्यावर कोण येतं?’ याला मी काय उत्तर देणार? २७ जून २०१४ ला नगरम् गावात गॅसवाहिनी फुटून वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा मी निवृत्त होतो आणि टीव्हीवर ओळखीचे रस्ते दिसत होते. अशा मुलखात पुन्हा परवानगी मागायला जाणाऱ्या पोरांच्या हातात निदान जुन्या कामाचा खरा कागद असावा.

कागद तुमच्याकडे आहेत, निदान असायला हवेत. २०१७ मध्ये तुम्ही नॅशनल डेटा रिपॉझिटरी सुरू केली. देशभरातल्या सेस्मिक सर्व्हेंचा डेटा तिथे जमा होतो आणि कंपन्यांना गॅसचे ब्लॉक निवडताना तो दाखवला जातो. सर्व्हेतल्या जागांची नोंद ठेवणारी एसपीएस फाइल म्हणून जी असते, तिच्या ‘एस’ भागात प्रत्येक शॉट पॉइंटची जागा, भोकाची खोली, अपहोलचा वेळ, दिवस आणि वेळ या रकान्यांत मांडलेलं असतं. परदेशी कंपनीला नोएडात बसून जे दिसतं ते लंकेवरच्या शेतकऱ्याला दिसत नाही, एवढाच काय तो अडसर. थराचं चित्र, गॅस कुठे आहे, हे कोणी मागत नाही. ते तुमचं गुपित तुमच्यापाशी राहू द्या. भोकाची जागा हे गुपित कसं असेल? ते त्याच्याच जमिनीत आहे.

पण नुसती एसपीएस काढून भागणार नाही, कारण आमची तीन भोकं त्यात नसतील. म्हणून तीन वह्यांचा आग्रह. ड्रिलर रोज किती भोकं पाडली ते लिहितो, कारण त्याला भोकाचे पैसे मिळतात. तो एकही भोक विसरत नाही. ऑब्झर्व्हर शॉट लिहितो. मॅगझिनवाला कांड्या लिहितो. ड्रिलरच्या वहीत भोक आहे आणि ऑब्झर्व्हरच्या वहीत त्याच जागी स्किप आहे, अशी प्रत्येक जागा लाल शाईने गोल करा. हे काम करायला भूभौतिकशास्त्रज्ञ लागत नाही. कारकून पुरे, आणि एक पावसाळा पुरे. जुन्या वह्या ठेकेदारांकडून आल्याच नसतील तर तसं त्या गावांना कळवा. ‘माहीत नाही’ हेही पंचायतीच्या दफ्तरी लागलेलं बरं.

नव्या कामासाठी एकच जोड. ठेक्यात बुजवण्याचा दर वेगळा लावा आणि मालकाची सही झाल्याशिवाय तो देऊ नका. जिओफोन आता बिनकेबलचे झाले, होड्या हलक्या झाल्या, उपग्रहावरून जागा हातभराच्या आत कळते. सुधारलं नाही ते भोकात माती टाकणं, कारण त्याचे पैसे नाहीत.

आता आमच्या सोसायटीत स्वयंपाकाचा गॅस पाइपने येतो. तो कुठल्या विहिरीचा, मला ठाऊक नाही. पण काकीनाड्याहून भरूचपर्यंत सुमारे १,४०० किलोमीटरची गॅसवाहिनी २००९ मध्ये सुरू झाली, ती आपल्या महाराष्ट्रातूनच जाते. त्यातला गॅस समुद्रातल्या विहिरींचा, आमच्या लंकांखालचा नव्हे. तरी नकाशा बघताना मजा वाटते. १,४६५ किलोमीटरची नदी पूर्वेला उतरते आणि जवळपास तेवढ्याच लांबीची नळी पश्चिमेला येते. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे आणि राजमहेंद्रीला त्याच वर्षी पुष्कर, म्हणजे तिकडचा गोदावरीस्नानाचा मेळा. घाटांची कामं दोन्हीकडे निघतील, नदीकाठ दोन्हीकडे खणला जाईल. वह्या त्याआधी उघडल्या तर बरं.

माझी खिशातली डायरी अजून आहे. त्या तीन भोकांचे रेषा क्रमांक, शॉट पॉइंट क्रमांक, खोली आणि तारीख या पत्राच्या तुमच्याकडच्या प्रतीला जोडत आहे. कंपनीचं नाव तिथे आहे, इथे नाही. भांडण उकरण्याची हौस नाही आणि माझी सही असताना मी कोणत्या तोंडाने भांडू? दोन जागा आता बहुधा नदीत असतील. तिसरीच्या उत्तरेला वीस पावलांवर एक ताड होता, त्याच्या खोडाला मी लाल रिबन बांधली होती. रिबन गेली असेल. ताड असेल तर जागा सापडेल.

आपला,
एक निवृत्त ऑब्झर्व्हर
पंचवटी, नाशिक